अंडेराव आणि ज्वारीचा केक

डबे-बरण्या बोलत असत त्या काळी, छोट्या इराला गहू, दूध, अंडं काहीच चालत नसे. तिच्या वाढदिवसाच्या केकसाठी ज्वारीचं पीठ पुढे आलं, पण दोनदा नुसता भुगा झाला. तिसऱ्यांदाही भुगा झाला, तर ते पीठ चिमण्यांना जाणार होतं.

ओट्यावरचं अंडं खिदळलं, "मी बांधल्याशिवाय केक? ज्वारीबाई, तुमची तर भाकरीसुद्धा चिरते!"

"गार पाण्यात चिरते, अंडेराव," ज्वारी चाचरत म्हणाली. "जवसताई, या वेळी उकळतं पाणी घेऊ या का?"

उकळतं पाणी पडताच जवसाची पूड तिला घट्ट बिलगली. केक फारसा फुगला नाही, पण साच्यातून अख्खा निघाला.

"ही तर जाडी भाकरी!" अंडं इतकं गदगदून हसलं, की घरंगळत ओट्यावरून खाली. फच्च!

"अगंबाई!" केक दचकला. "आता यांना कोण बांधणार?"