गेल्या वर्षीच्या यंत्राचे दोष

साताऱ्यात माझं व्हिडिओ गेमच्या यंत्रांचं दुकान. एकदा कंपनीचे खर्डेकरसाहेब आले नि गुरकावले, "नवं मॉडेल आलंय. गेल्या वर्षीच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारा, नाहीतर एजन्सी काढून घेतो!"

"मारतो की! पण जुन्यात वाईट काय, ते तेवढं लिहून द्या. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

साहेबांनी झोकात लिहिलं: चित्र अडकतं, यंत्र तापतं, पंखा घुरघुरतो. खाली सही ठोकली.

मी कागद काचेवर चिकटवायला घेतला. "जुनी यंत्रं अजून वॉरंटीत आहेत, साहेब. हे वाचून चाळीसच्या चाळीस गिऱ्हाइकं फुकट बदलून मागतील. तुमच्याच ऑफिसात पाठवू ना?"

साहेबांनी कागद हिसकावला. "अहो शेठ, जुनं यंत्र अजून दहा वर्षं कुरकुरणार नाही!"

"बरं, मग तसं लिहून द्या."