तान्हाईच्या वहाणा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतक्या वर्षांपूर्वीची, की खैरवड्यातून माथेवाडीला चढणाऱ्या वाटेवर तेव्हा टेकायला एक दगड नव्हता. आज दिसतात ना तुम्हाला ते कमरेएवढे, गुळगुळीत दगड? ते कुणी गवंड्यानं बसवले नाहीत. ते तान्हाईसाठी वर आले, असं म्हणतात. का आले ते सांगते. पण सांगताना माझं डोकं फिरतं, तेवढं चालवून घ्या.

तान्हाई कासारीण होती. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन गावोगाव हिंडायची. हात असा हलका, की बांगडी चढली कधी ते बाईला कळायचं नाही. तिनं भरलेला चुडा तडकत नाही, असं म्हणतात. माथेवाडीला तर तिच्याशिवाय दुसरं कोणी जायचंच नाही. एवढा डोंगर चढून त्या गरिबांच्या वाडीत कोण जाणार?

पुढं वय झालं आणि तिचे पाय दुखायला लागले. बसली की काही नाही. थोडं चाललं की पोटरीत गोळा यायचा, पाऊल उचलेना. उभी राहिली की गोळा सुटायचा. पावलं कायम गार, उन्हाळ्यातसुद्धा.

आता ह्या खैरवड्यात तेव्हा एक रीत होती. माणसाचे पाय कुरकुरायला लागले की घरच्यांनी त्याच्या वहाणा आढ्याला टांगायच्या. टांगल्या की संपलं. मग त्यानं अंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाही. ओसरीवर बसायचं आणि पुढ्यात येईल ते खायचं. ह्याला म्हणे मान देणं! मान कसला डोंबलाचा? जित्या माणसाची अडगळ करायची आणि वर पुण्य मिळवल्यासारखं मिरवायचं.

तान्हाईचा मुलगा नारू. त्यानंही आईच्या वहाणा आढ्याला टांगल्या. शेजारीपाजारी येऊन त्याची वाहवा करून गेले. आईचे पाय गार, म्हणून त्यानं तापलेली वीट आणून तळव्याला लावली. अरे, ज्या पायाला धड भाजलेलं कळत नाही, त्याला शेकायचं? तान्हाईला काही जाणवलंच नाही. सकाळी पाहिलं तर तळव्याला हा एवढा फोड. ती जखम भरता भरेना, पाऊस सरला तेव्हा कुठं मिटली. त्या दिवसापासून ती रोज पाय धुवायची, बोटांच्या बेचक्यांतून कोरडे करायची आणि तळवे उलटून बघायची. मशेरीही तिनं त्याच दुखण्यात सोडली. तोंडाला मशेरी लागली की पाय जास्त गार पडतात, हे तिच्या ध्यानात आलं होतं.

आणि मग माथेवाडीहून निरोप आला. गोजराला सातवा लागला होता. गोजरा म्हणजे वाडीतली बिनआईची पोर. आधीची दोन बाळं पोटातच गेलेली. तिनं सांगून पाठवलं होतं, हिरवा चुडा भरीन तर तान्हाईच्याच हातचा, नाहीतर हात मोकळेच राहू देत.

तान्हाईनं नारूला वहाणा काढून द्यायला सांगितल्या. तो म्हणाला, "आई, लोक काय म्हणतील? अधू आईला डोंगर चढवतो म्हणतील."

"पाय माझे, दुखणं माझं," तान्हाई म्हणाली, "आणि लाज तुला?"

तिनं उखळ पालथं घातलं, त्यावर चढली आणि मुसळानं ढोसून आढ्याच्या वहाणा खाली पाडल्या. धूळ झटकली, पायात घातल्या, टोपली डोक्यावर घेतली आणि निघाली.

पारावरचे रिकामटेकडे उठून बघायला लागले. पोटरीत गोळा आला, तान्हाई थांबली. हे दात काढून हसले. गोळा सुटला, ती चालायला लागली. परत गोळा, परत थांबली. नारू मागून ओरडत होता, झालं ना समाधान, आता फिर मागं. ती वळलीसुद्धा नाही.

"थांबलेय रे," ती म्हणाली. "बसले नाही."

चढ लागला आणि पोटरी अशी धरली की तिचा तोल गेला. टोपली कलंडणार, एवढ्यात मुरूम फोडून एक दगड वर आला, बरोबर तिच्या कमरेपर्यंत. तिनं त्यावर टोपली टेकवली, श्वास घेतला, दुखणं सरू दिलं. पुढं जिथं जिथं ती थांबली तिथं तिथं डोंगरानं दगड दिला, असं म्हणतात. डोंगराला कळलं हो! पोटच्या पोराला कळलं नाही, गावाला कळलं नाही, त्या मुक्या डोंगराला कळलं.

दिवस कलताना ती माथेवाडीत पोचली. गोजरानं तिचे पाय धुतले, तळवे निरखून पाहिले, आणि मग हात पुढं केले. एकही बांगडी तडकली नाही. तीन महिन्यांनी गोजराला मुलगी झाली, धडधाकट.

तान्हाई त्यानंतर कितीतरी वर्षं चढत राहिली. जो दगड आधी लागायचा तो पुढं पुढं लागेनासा झाला, ती न थांबता त्याच्या पुढं जायची. चालून चालूनच पाय सुधारले तिचे. ओसरीवर बसून सुधारले असते का?

अजून श्रावणात खैरवड्याच्या म्हाताऱ्या तान्हाईच्या नावानं माथेवाडीला चढतात. ज्या दगडाशी एक थांबेल तिथं सगळी रांग थांबते, पुढं कुणी जात नाही. वर लेकीसुना त्यांचे पाय धुतात, तळवे बघतात आणि हिरव्या बांगड्या भरल्या जातात. आणि त्या दिवशी गावातल्या सगळ्या कर्त्या पुरुषांच्या वहाणा चावडीच्या आढ्याला टांगतात. पुरुषांनी मागून अनवाणी चढायचं, ही आता रीत आहे.

काटा रुतून एखादा मध्येच कुरकुरला, की पुढची म्हातारी दगडाला टेकून मागं बघते आणि विचारते, "पाय दुखतात का रे, बाळा? मग घरी बसायचं होतंस."