गाठीचा म

सीना नदीच्या काठी हिवरपेठ म्हणून साळ्यांचे एक गाव आहे. केवलनाथ महाराजांनी तेथे लागोपाठ तीन चातुर्मास केले. गावाबाहेर चिंचेखाली दगडी ओटा आणि त्यामागे दोन खणांची पडवी, एवढाच त्यांचा मठ. अंगावर एक कांबळे, जवळ एक कमंडलू. भिक्षेला निघाले की महाराज आधी साळीवाड्यात जात, तेथून वडारवाड्यात, आणि पाटलांच्या दारापर्यंत पोहोचेतो झोळी भरलेली असे. मग तेथे नुसता आशीर्वाद देऊन परत फिरत. शिदोजी पाटलांना ते लागे. पण महाराजांपुढे बोलणार कोण!

मठाच्या झाडलोटीला आवडाबाई नावाची साळीण येई. वय पंचेचाळिशीपुढचे, कपाळ पांढरे, मूलबाळ नाही. तिचा बाप मागावर बसून पोथी म्हणत असे. त्याच्या शेजारी कांड्या भरता भरता ती लहानपणीच अक्षरे ओळखायला शिकली होती. पण हे तिने जन्मभर लपवून ठेवले. बाईच्या हाती अक्षर आले की घरात अवदसा येते, असे म्हणणारा तो काळ! नवरा ऐन उमेदीत गेला तेव्हा सासूने तेच बोलून दाखवले, आणि ते बोलणे तिच्या काळजात रुतून बसले.

श्रावणातल्या एका सकाळी आवडाबाई ओट्यापुढचे अंगण झाडत होती. पलीकडे साळ्यांची, वडारांची, लोहाराची पोरे वाळूत लोळत होती. आपल्याकडे कोणी पाहत नाही असे वाटून तिने खराट्याच्या काडीने वाळूत काहीतरी काढले.

"काय गं ते, आवडे?"

महाराज पाठीशीच उभे! तिने घाईने तळव्याने वाळू सारवली. म्हणाली, "काही न्हाई म्हाराज. रेघोट्या."

"तुझ्या रेघोट्यांना नाव आहे का काही?"

महाराजांशी खोटे बोलायला तिची जीभ वळेना. तिने मान खाली घातली आणि पुटपुटली, "म."

महाराज हसले. म्हणाले, "मग ते नाव या लेकरांना सांग."

"मी? म्हाराज, मी रांडवबाई. पंतोजी ऐकतील तर गाव डोक्यावर घेतील!"

"एकच अक्षर शिकव. पण सगळ्यांना शिकव. एकही लेकरू मागे राहिलं असताना पुढचं अक्षर घ्यायचं नाही."

एवढे बोलून महाराज स्नानाला निघून गेले. आवडाबाईने खराटा भिंतीला टेकवला. मग तिने पदर खोचला आणि पोरांना हाक मारली.

अकरा मुले जमली. त्यांना ना पाटी, ना लेखणी. आवडाबाईने नदीवरची बारीक वाळू चाळून आणली आणि अंगणात पसरली. एकेकाचे बोट धरून ती सांगू लागली, "वरून खाली उतरा. हितं गाठ मारा. आडवं चाला. खांब उभा करा. वर आढं घाला. झाला म! आता म्हणा, म कुणाचा? मायचा, मोटेचा, मागाचा!" साळ्यांच्या पोरांना गाठ मारणे कोणी वेगळे शिकवायला नको होते. आठ दिवसांत सहा मुलांचे म वाळूत उभे राहिले. कोणाचा खांब कललेला, कोणाचे आढे मोडलेले. पण म तो मच.

गावात पंतोजी होते नरहरपंत. पाटलांच्या ओसरीवर त्यांची शाळा भरे. मोत्याच्या लडीसारखे अक्षर. चाळीस वर्षांत अनेक पोथ्या नकलून दिलेल्या. विद्या मोठी, आणि तिचा ताठा त्याहून मोठा. एकदा ते मुद्दाम वाट वाकडी करून मठापाशी आले. वाळूत बसलेली आवडाबाई पाहून त्यांनी नाकाला उपरणे लावले.

"अगो आवडे, कापड विणायचे सोडून विद्या विणायला बसलीस काय? महिना होत आला, आणि अजून तुझी गाडी एका अक्षरावरच! माझ्याकडे एवढ्यात बाराखडी होते."

"आमची सावकाश चालतीया, पंतोजी," आवडाबाई खाली मान घालून म्हणाली. "समद्यांना संगं न्यायचं हाय."

"दगडांना संगे नेशील तर नदीत बुडशील!" असे म्हणून पंत हसत हसत निघून गेले. जाता जाता त्यांचा पाय वाळूतल्या दोन-तीन अक्षरांवर पडला. मुले आवडाबाईच्या तोंडाकडे पाहू लागली. तिने वाळू सारखी केली आणि म्हणाली, "चला, पुन्हा काढा."

भाद्रपद सरला तेव्हा दहा मुलांना म येत होता. वाळूत येत होता, कणकेच्या गोळ्यावर येत होता, आणि त्याच्यासारखाच दिसणारा भ शेजारी काढला तरी मुले फसत नव्हती. "भ मुरडतो, म मुरडत न्हाई," असे ओरडून सांगत होती.

राहिली एक. लोहाराची कोंडी, पाच वर्षांची. तिचे बोट वरून खाली येई आणि गाठीपाशी थबके. पुढे काय करायचे ते तिला सुचतच नसे. आवडाबाईने तिचे बोट धरले की म होई. बोट सोडले की नुसती काठी उरे. मुले हसली की कोंडी गुडघ्यांत तोंड घाली. आवडाबाईने तिला मागाच्या सुताच्या गाठी मारायला दिल्या, शेवया वळायला दिल्या, स्वतःच्या पाठीवर म काढायला लावला. भाकरी थापताना, पाणी भरताना तिच्या मनात एकच विचार असे, की या पोरीच्या बोटाला गाठ कशी उमगावी? पण तिने कोंडीला एकदाही 'तुला येत नाही' म्हटले नाही. "आज न्हाई आला, उद्या येईल," एवढेच ती म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी नवी वाळू चाळून आणी.

इकडे पंतांच्या पोटात दुखू लागले. त्यांच्या शाळेतली दोन पोरे छडीच्या भीतीने पळून येऊन मठाच्या अंगणात बसू लागली होती. पंतांनी पाटलांचे कान भरले. "बाईमाणसाने शिकवलेले अक्षर अशुद्ध. उद्या पोरे तेच चुकीचे गिरवतील, आणि गावाची विद्या नासेल!"

पाटलांनी आवडाबाईला बोलावून घेतले आणि निवाडा दिला. दसऱ्याला पाटीपूजन झाले की पंत मठात येऊन सर्व गावासमोर परीक्षा घेतील. अकराही मुलांनी अक्षर काढून व ओळखून दाखवले तर ठीक. एक जरी चुकले, तरी तिने पुन्हा मुलांत बसायचे नाही आणि मठाची पायरीही चढायची नाही.

मठाची पायरी! आवडाबाई धावत महाराजांकडे आली आणि रडत सर्व सांगितले. महाराज कांबळे शिवत होते. म्हणाले, "दसऱ्याला अजून नऊ दिवस आहेत ना? मग रडण्यात दिवस का घालवतेस?"

ती उठली, डोळे पुसले आणि कोंडीच्या घरी गेली.

दिवस सरत गेले. दसऱ्याच्या आदल्या दिवशीही कोंडीचे बोट गाठीपाशीच थांबले. तेव्हा शेजारची सगुणा कळवळून म्हणाली, "आवडाक्का, उद्या पोरीला घरी ठेवू. ताप आला म्हणू. दहांच्या जिवावर तुमचं निभावून जाईल."

आवडाबाईच्या मनात क्षणभर आले, काय हरकत आहे? पण लगेच ती म्हणाली, "न्हाई सगुणा. तिला लपवली तर ती जन्मभर लपूनच बसंल. मला पायरी बंद झाली तर लांबून हात जोडीन मी. पोर माझ्या संगं येईल."

दसरा उजाडला. मठाच्या अंगणात सारे गाव लोटले. पाटील घोंगडीवर बसले, महाराज नेहमीप्रमाणे ओट्यावर. पंत रेशीमकाठी उपरणे घेऊन आले, काखेत पोथी. दहा मुलांनी एकापाठोपाठ एक वाळूत म काढला. पंतांनी उलटसुलट विचारले, पण एकही मूल ढळले नाही. लोकांत कुजबुज सुरू झाली. पंतांचा चेहरा उतरला. मग त्यांची नजर खांबाआड उभ्या असलेल्या कोंडीवर गेली.

"ही राहिली. ये गं पुढे!"

कोंडी आली. तिचे बोट वाळूत वरून खाली उतरले आणि थांबले. आवडाबाईने डोळे मिटून घेतले.

"येत नाही!" पंत गरजले. "बरे, काढता येत नाही तर ओळखून तरी दाखव." त्यांनी काडी घेऊन आपल्या सुरेख हाताने वाळूत भ, न, म, स अशी अक्षरे काढली. "सांग, यात म कोणता? बोल!"

कोंडी पुन्हा खांबाआड सरकू लागली. पंत विजयाने पाटलांकडे वळले. इतक्यात महाराज शांतपणे म्हणाले, "पंत, लेकरू भ्यालंय. तुम्हीच एकदा दाखवा तिला, यातला म कोणता."

"त्यात काय!" असे म्हणून पंत वाकले. त्यांनी काडी पुढे केली, आणि ती काडी हवेतच राहिली.

काय आश्चर्य सांगावे! आत्ताच स्वतःच्या हाताने काढलेली ती अक्षरे पंतांना ओळखूच येईनात. चार रेघोट्या, सगळ्या सारख्या. त्यांनी डोळे चोळले. काखेतली पोथी उघडली. ज्या पोथीची पाने त्यांना पाठ, तिच्यावर नुसत्या मुंग्यांच्या रांगा! त्यांनी पान उलटले, दुसरे उलटले. कपाळावर घामाचे थेंब डवरले. चाळीस वर्षांचे सोबती पाठ फिरवून उभे राहावेत तसे झाले. "दिसते... पण कळत नाही," ते कसेबसे म्हणाले आणि मटकन वाळूत बसले.

कोणी हसले. पाटील "अहो पंत, काय झाले?" म्हणत उठले. आवडाबाईने मात्र पंतांच्या डोळ्यांकडे पाहिले. ही नजर तिच्या ओळखीची होती. रोज सकाळी कोंडी तिच्याकडे अशीच पाहत असे.

क्षणापूर्वी हाच मनुष्य तिची पायरी तोडायला निघाला होता. पण तिला त्याची आठवणही राहिली नाही. ती पंतांपुढे बसली, तळव्याने वाळू सारखी केली आणि म्हणाली, "घाबरू नका, पंतोजी. बोट द्या इकडं."

पंतांनी महाराजांकडे पाहिले. मग त्यांनी बोट पुढे केले.

"वरून खाली उतरा," आवडाबाई म्हणाली आणि हात सोडला. पंतांचे बोट खाली उतरले... आणि थांबले. गाठीपाशीच थांबले!

कोंडीने ते पाहिले. एवढा मोठा उपरण्याचा माणूस, आणि अडला तोही तिथेच, जिथे आपण अडतो! तिचे तोंड उघडेच राहिले. ती रांगत पुढे आली, आपली चिमुकली मूठ पंतांच्या बोटावर ठेवली आणि म्हणाली, "हितं अडतंया व्हय? हितं भ्यायचं न्हाई तात्या. हितं असं वळायचं."

आणि तिने बोट वळवले. गाठ पडली! बोट आडवे चालले, खांब उभा राहिला, वर आढे चढले. वाळूत ठसठशीत म उमटला. मग कोंडीने पंतांचे बोट सोडले आणि शेजारी स्वतःच्या बोटाने दुसरा म काढला, न थांबता.

"म!" ती ओरडली. "मायचा म! मला आला!"

त्याच क्षणी पंतांच्या डोळ्यांवरचे पटल दूर झाले. समोर भ, न, म, स लख्ख दिसू लागले. मांडीवरच्या पोथीतल्या मुंग्यांच्या पुन्हा ओव्या झाल्या. पंतांनी पोथी छातीशी धरली आणि लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले. "केवलनाथ महाराज की जय!" असा एकच गजर उठला. पाटलांनी पागोटे काढून हातात घेतले, आणि निवाडा काय झाला हे कोणी विचारले नाही.

पंतांनी धावत जाऊन महाराजांचे पाय धरले. "महाराज, माझी विद्या गेली होती, ती तुम्ही परत दिलीत."

महाराजांनी त्यांना उठवले. म्हणाले, "मी ओट्यावरून हललोसुद्धा नाही, पंत. तुम्हाला अक्षर कोणी दिलं ते तुम्ही पाहिलंत. ओसरीवर छडी घेऊन बसाल, तेव्हा ज्याला येत नाही त्याला कसं वाटतं, एवढं मात्र विसरू नका."

पंत वळले. आवडाबाई कोंडीला कडेवर घेऊन गर्दीतून मागे सरू पाहत होती. पंत तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. पाटीपूजनाच्या तबकातली आपट्याची दोन पाने त्यांच्या उपरण्याच्या टोकाला बांधलेली होती. ती त्यांनी सोडली. एक पान कोंडीच्या मुठीत दिले, दुसरे आवडाबाईच्या हातावर ठेवले.

"सोने घ्या, आवडाबाई," पंत म्हणाले. सबंध गाव जिला अगं-तुगं करी, तिला ते 'घ्या' म्हणाले.

"अहो पंतोजी, हे काय! तुम्ही वडील मानसं..." ती गडबडून पाय मागे घेऊ लागली.

पण तोवर हिवरपेठचे पंतोजी नरहरपंत वाळूत वाकले होते, आणि त्यांचे मस्तक त्या साळणीच्या पायांवर टेकले होते.