मेंदूपुढची भिंत

“भिंत नाही, तर मग काय आहे ते?” डॉक्टर केळुसकरांनी विचारलं.

विचारलं कसलं, दरडावलंच. समोर बसले होते पूर्णाश्रमस्वामी, नदीकाठच्या त्या लहानशा मठाचे प्रमुख. त्या बिचाऱ्यांनी यातलं काहीच म्हटलं नव्हतं. म्हटलं होतं मुक्ता वरखडेने, डॉक्टरांच्या विद्यार्थिनीने.

रक्तातलं वाटेल ते मेंदूत शिरत नाही. मधल्या त्या बंदोबस्ताला भिंत म्हणायचं, असं डॉक्टर तीस वर्षं शिकवत आले होते. मुक्ताने प्रबंधाच्या पहिल्याच पानावर तो शब्द काढून टाकला आणि ‘राबता’ लिहिला. सोमवारपर्यंत डॉक्टरांची सही झाली नाही, तर तिची बंगळूरची नेमणूक जाणार होती. प्रबंध चार महिने डॉक्टरांच्या खणात, कुलपात पडून होता.

त्यांना यात काहीतरी शिजतंय असं वाटत होतं. ही भाषा मुक्ताची नव्हेच, दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या कोणीतरी तिचे कान भरले असणार. मठात शिरताना त्यांनी दारातल्या चपलासुद्धा निरखून पाहिल्या होत्या, तिच्या तर नाहीत ना म्हणून. एवढा विद्वान माणूस, पण संशयाने पार पोखरला होता. मला त्यांची कीव येते.

“भिंत आहे हे कशावरून?” स्वामींनी विचारलं.

डॉक्टर जरा खुलले. प्राण्याच्या शिरेत निळा रंग सोडला की सगळं अंग निळं होतं आणि मेंदू तेवढा पांढरा राहतो, हे त्यांनी अगदी हातवारे करून सांगितलं.

“आणि मेंदू जगतो कशावर?”

“साखरेवर.”

“ती कुठून येते?”

“रक्तातून.”

“म्हणजे भिंतीतून आत?”

“तिला आत नेणारे वाहक असतात. तो अपवाद आहे.”

“हा अपवाद कितीदा होतो?”

“सतत...”

डॉक्टर एकदम सावध झाले. मग डोळे बारीक करून म्हणाले, “मुक्ता इथे येऊन गेली ना?”

“नाही.”

डॉक्टरांना ते पटलं नाही.

त्या मठाचा एक रिवाज होता. वाद घेऊन येणाऱ्याने आधी प्रतिपक्षाच्या आसनावर बसायचं आणि त्याची बाजू मांडायची. तीही अशी, की तो हजर असता तर त्याने मान डोलावली असती. आपलं म्हणणं त्यानंतर. स्वामींनी शेजारचं रिकामं आसन पुढे सरकवलं.

डॉक्टर नाइलाजाने उठले आणि त्यावर जाऊन बसले.

“मुक्ता म्हणते, ही भिंत नव्हे. राबता आहे.”

“हं. पुढे?”

“राबता म्हणजे...”

“कारणं काय देते ती?”

 

“पहिल्या पानापुढे मी वाचलं नाही,” डॉक्टर म्हणाले. “त्या एका शब्दावरूनच कळलं मला, ती कोणाची माणूस आहे ते.”

“समजवायला आली असेल ना?”

आठ-दहा वेळा आली होती. कामात आहे असं सांगून डॉक्टरांनी तिला दरवेळी बाहेरूनच परत पाठवलं होतं. हे सांगताना त्यांचा आवाज उतरत गेला. 

“मी काय करू, महाराज? सही केली तर माझी तीस वर्षं खोटी पडतात.”

“खोटी कशाने पडतील?” स्वामी म्हणाले. “तिला आजच कळवा. म्हणावं, भिंत सापडली.”