बर्फावरच्या गळाचं मोल

ऐका सयांनो, आणि मुलांनो, तुम्हीही जरा जवळ सरका. अक्षता मुठीत घट्ट धरा. कहाणी थंडीची आहे, मूठ सैल सोडली की हात गारठतात.

फार जुनी गोष्ट. उत्तरेच्या एका राज्यात, उंच डोंगरांच्या ओंजळीत एक मोठं तळं होतं. थंडीत ते काठापासून काठापर्यंत गोठायचं. काठावर कोळ्यांचं गाव होतं. तळं गोठलं म्हणून गाव उपाशी बसत नसे. माणसं बर्फावर जायची, पहारीनं परातीएवढं भोक पाडायची, शेजारी पाट टाकून बसायची आणि खाली गळ सोडायची. तळ्याला ती सरोवरमाई म्हणत.

गावाची एक रीत होती. गळ टाकून बसताना कान झाकायचे नाहीत. कारण गोठलेलं तळं बोलतं. ते कण्हतं, गुरगुरतं, कधी लांब कुणी जातं ओढावं तसं घरघरतं. नव्या माणसाला वाटावं, आता फुटणार. पण म्हातारे सांगत, "माई बोलतेय तोवर खुशाल बसा. गप्प झाली की उठा. गळाला मासा लागलेला असला तरी उठा." थंडी सरत आली की बर्फ आतून पोकळ होतो आणि त्याचा आवाज बंद पडतो, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या गावात एक तरुण कोळी होता. त्याची बायको पहिलटकरीण होती, आणि बर्फ वितळायच्या सुमारास मूल होणार होतं. कोळ्याचं सामान ते केवढं? पहारीसाठी त्यानं लोहाराला टोपलीभर मासे दिले होते. गळ स्वतः हाड घासून केला होता. दोरा बायकोनं वळला होता. एवढ्यावर दोघांचं पोट भरत होतं, थोडं उरतही होतं.

कोळिणीनं माईचा वसा घेतला होता. तळं गोठलं की ते वितळेपर्यंत रोज सांजेला काठावर दिवा लावायची आणि म्हणायची, "माई, द्यायचं ते दे, सोसायचं ते सोसू. माणूस तेवढं माणसात राहू दे."

रात्री कोळी खांदा धरून बसायचा. ती कोमट तेल चोळायची. "अहो, पहार तुम्ही मारता की ती तुम्हाला मारते?" तो हसायचा, आणि मग तिच्या पोटाकडे बघून विचारायचा, "आमचे मालक आज काय म्हणतात?"

एका सकाळी तळ्यावर असं धुकं उतरलं की शेजारचा माणूस नुसता खोकण्यावरून ओळखावा. त्या धुक्यातून एक सौदागर आला. ज्या बाजूला गाव नाही, घर नाही, त्या बाजूनं आला. अंगात लांब करडा झगा, मागे सामानानं लादलेली घसरगाडी. एवढी जड गाडी तो एका बोटानं ओढत होता, आणि बर्फावर तिचा ओरखडाही उठत नव्हता. त्या थंडीत सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. त्याच्या तोंडातून निघत नव्हती.

तो कोळ्यापाशी थांबला. "थकलास, दादा."

"पहार मारून कोण ताजा राहतो?"

सौदागरानं गाडीतून लोखंडी गिरमिट काढलं. "हे घे. जरासं फिरवलं की भोक पडतं."

"आणि मोल?"

"तुला नको असेल तेच घेतो मी. खांद्यातली कळ दे."

कोळी हसायला लागला. "कळ? घेऊन जा की. वर गुडघेदुखी फुकट."

सौदागर हसला नाही. त्यानं कोळ्याच्या खांद्यावर बोट टेकवलं आणि धुक्यात निघून गेला.

त्या रात्री कोळिणीनं तेल कोमट केलं. कोळी म्हणाला, "राहू दे, दुखत नाही." तरी तिनं खांद्याला हात लावला. खांदा गार होता आणि गुळगुळीत, ओढ्यातल्या गोट्यासारखा. तिनं हात चटकन मागे घेतला, आणि मग स्वतःलाच दटावलं की नवऱ्याचं दुखणं गेलं तर आनंद मानावा, खुळ्यासारखं घाबरू नये.

पुन्हा धुकं पडलं तेव्हा सौदागर कातड्याची राहुटी आणि पितळी शेगडी घेऊन आला. "याला काय देऊ?" कोळ्यानं विचारलं.

"तुला वाजणारी थंडी."

"ती तर मी बोहारणीलाही दिली असती."

राहुटी उभी राहिली. बाकीचे कोळी पाटावर कुडकुडत बघत राहिले. एक जण म्हणाला, "काय रे, तळ्यानं जावई करून घेतलंय का तुला? मानपान जोरात आहे." दुसरा म्हणाला, "कान तरी बाहेर ठेव, जावईबापू. सासूबाई काय म्हणतात ते ऐकू यायला हवं."

"आतूनही ऐकू येतं," कोळी म्हणाला. पण कातडं जाड होतं, आणि शेगडी सूं सूं वाजत होती.

सांजेला तो घरी आला. भुवयांवर बर्फाचे कण होते. तो चुलीपुढून चालत गेला, जेवला, बोलला, आणि ते कण वितळले नाहीत. कोळीण बघत राहिली. पूर्वी तो आल्या आल्या चुलीपाशी तिला खेटून बसायचा. आता लांब भिंतीला टेकून बसला होता.

"जवळ या ना," ती म्हणाली.

"कशाला? गार कुठे वाजतंय मला?"

तिसऱ्या वेळी सौदागरानं काठ्यांचा भारा आणला. काठीला दोरा, दोऱ्याला गळ आणि टोकाला घुंगरू. मासा लागला की घुंगरू वाजायचं. दोरा हातात धरून ताटकळायला नको. सौदागर म्हणाला, "याला तुझं वाट पाहणं दे."

कोळ्याला ते पटलं. वाट पाहण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. घेऊन जा, म्हणाला.

त्या दिवसापासून मासे टोपल्यांनी आले. आणि त्या दिवसापासून त्यानं बायकोच्या पोटाकडे पाहून काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "पाळण्याला लाकूड आणायचंय. दिवस भरत आले."

"येईल तेव्हा येईल," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, कंटाळाही नव्हता. कोळिणीला वाटलं, रागानं बोलला असता तरी बरं झालं असतं.

ती गावातल्या म्हाताऱ्या सुइणीकडे गेली आणि रडली. सुईण सुपारी कातरता कातरता थांबली. "बाई, घरात वस्तू किती आल्या ते बघू नकोस. माणूस किती उरलाय ते बघ."

"थोडा उरलाय, आजी. मला तो परत हवाय."

"मग तू त्याला सोडू नकोस. दुसरं औषध मला ठाऊक नाही."

शेवटी सौदागर एक अख्खं घर ओढत आला. लाकडाचं, खाली घसरपट्ट्या लावलेलं. आत गालिचा, शेगडी, चौफेर घुंगरांच्या काठ्या, आणि जमिनीत बसवलेलं मोठं जाड भिंग. भिंगातून तळ्याचा तळ दिसायचा. मासा कुठे आहे ते बसल्या जागी कळायचं. कोळ्याचे डोळे चमकले. "याला काय?"

"भय दे. तुझ्या जिवाचं."

"ने. त्याचा काय उपयोग आहे मला?"

मग कोळी घरी येईनासा झाला. दारापुढे माशांचा ढीग पडायचा, त्याला कुत्रंही तोंड लावत नव्हतं. कोळीण मात्र काठावर रोज दिवा लावत होती.

आणि एका ढगाळ दुपारी तळं गप्प झालं.

आधी कुणाला कळलं नाही. काहीतरी चुकतंय एवढंच वाटलं. मग एकानं मान वर केली, दुसऱ्यानं केली. कण्हणं नाही, घरघर नाही. वाराही पडला होता. कोळी उठले. गळ, दोरे, पाट तिथेच टाकून पाय न आपटता काठाकडे चालू लागले. जाताना त्या लाकडी घराला हाक मारली, "अरे, ऊठ. माई गप्प झाली."

दार किलकिलं झालं. "घुंगरू वाजतंय. आलोच." दार लागलं.

काठावर सगळे उभे राहिले. कोळीण बर्फाकडे निघाली तशी माणसं आडवी आली. "बाई, तू दोन जिवांची आहेस."

"तिसरा तिथे बसलाय," ती म्हणाली. तिनं माईचं नाव घेतलं आणि बर्फावर पाऊल ठेवलं.

घरात ऊब होती. नवरा गालिच्यावर शांत बसला होता. तिच्या तोंडातून वाफ निघत होती, त्याच्या तोंडातून निघत नव्हती. तिची नजर भिंगात गेली आणि ती जागच्या जागी थिजली.

खाली, बर्फाच्या खालच्या अंगाला पाय टेकवून, डोकं तळाकडे करून कुणीतरी बसलं होतं. अंगात करडा झगा. हातातला गळ वरच्या दिशेनं सोडलेला. एका हातानं ते खांदा चोळत होतं आणि थंडीनं कुडकुडत होतं. त्यानं तोंड वळवलं. तोंड तिच्या नवऱ्याचं होतं.

ते तिच्याकडे पाहून हसलं, नवरा पूर्वी चुलीपाशी हसायचा तसंच. अंग दुमडून ओठ भिंगाला टेकवले तशी भिंगावर वाफ धरली.

"अगं," आवाजही नवऱ्याचाच होता, "किती वाट बघतोय तुझी. मला वर घे. कळ माझ्याजवळ आहे, थंडी आहे, भय आहे. त्याच्याजवळ काय उरलंय? आपलं घर तेवढं मला हवंय. आज आमचे मालक काय म्हणतात?"

कोळिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. हे शब्द ऐकायला ती किती दिवस झुरली होती. हात भिंग उघडायच्या कडीकडे गेलाही. मग तिनं पाठ फिरवून नवऱ्याकडे पाहिलं. दगडासारखा गार, रिकामा, पण हाडामासाचा तिचा माणूस.

ती खालच्याला म्हणाली, "तू हे गोळा केलंस. यानं ते सोसलं होतं. मी सोसणाऱ्याशी लग्न केलंय." आणि ती नवऱ्याजवळ गालिच्यावर बसली. "अहो, उठा."

"कशाला? उबदार आहे."

"मग मीही इथेच बसते."

घर वीतभर खाली बसलं. उंबऱ्यातून पाणी आत आलं, सावकाश, आवाज न करता. तिनं नवऱ्याचा हात धरून पोटावर ठेवला. आतून बाळानं लाथ मारली. पाणी तिच्या पावलांना लागलं. कोळ्यानं ते पाणी पाहिलं, मग तिची पावलं पाहिली, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

"तू का आलीस?" तो म्हणाला. "तुला काही झालं म्हणजे?"

बायांनो, इथे नीट ऐका. कोळ्यानं स्वतःच्या जिवाचं भय विकलं होतं. बायकोच्या जिवाचं भय मला नको, असं तो कधीच म्हणाला नव्हता. म्हणून ते सौदागराला नेता आलं नव्हतं. तेवढं एक त्याच्यात कोपऱ्यात झोपलं होतं, आता जागं झालं आणि त्यानं विकून टाकलेल्या बाकी सगळ्याला हाका मारल्या.

कोळी उठून उभा राहिला. "तुझं सामान तू घे. माझं मला दे."

"सगळं एकदम येईल," खालून आवाज आला. आता तो नवऱ्यासारखा नव्हता. "अख्ख्या हिवाळ्याचं."

"येऊ दे. मला हवंय."

ते आलं. खांदे फाटावेत अशी कळ, हाडं कडकडावीत अशी थंडी, आणि भयानं त्याचे दात वाजायला लागले. तो ओरडत गुडघ्यांवर कोसळला. पण त्याच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली, आणि ती पाहून कोळीण रडता रडता हसली.

त्यानं तिला बाहेर आणलं, बर्फावर कुशीवर निजवलं आणि स्वतः पोटावर सरपटत तिला ओढू लागला. काठावरच्यांनी दोर फेकले. बर्फ मागे मागे उघडत गेला, पण त्या दोघांच्या अंगाखालचा तेवढा माईनं धरून ठेवला.

मागे ते घर बुडालं. ना आपटलं, ना फुटलं. शेगडी पेटलेली होती, तिचा तांबडा उजेड पाण्यातून खाली खाली जाताना काठावरून दिसला. भिंगावर कुणीतरी हात आपटल्याचा आवाज येत होता. मग उजेड विझला.

कोळ्याच्या डाव्या पायाची बोटं त्या थंडीत गेली. तो जन्मभर लंगडत चालला. पण थोड्याच दिवसांत बायको बाळंत होत असताना तो दाराबाहेर खांदा धरून कुडकुडत उभा होता, आणि सारखा आत डोकावत होता. सुईण त्याच्यावर खेकसली, "बाहेर हो मेल्या, तुझ्यानं काय होणार आहे इथे?"

"काही नाही, आजी," तो म्हणाला. "वाट बघतोय."

पहाटे मुलगी झाली. माई त्यांच्यावर प्रसन्न झाली, तशी ती तुमच्या-माझ्या घरावरही असो.

त्या तळ्यावर अजून कधी धुकं दाटतं, तेव्हा सौदागर गाडी ओढत येतो आणि गोड आवाजात विचारतो, "दादा, तुला काय नकोय?" कोळी दोऱ्यावरची नजर न काढता म्हणतात, "सगळं हवंय." मग तो पुढच्या माणसाकडे जातो.

बोध असा, की सोय जरूर घ्यावी, पण तिचं मोल म्हणून स्वतःला देऊ नये.