कळसाएवढी उंची

बाळांनो, ओझे वाहणाऱ्याने मान किती उंच करावी?

फार वर्षांपूर्वी एक वृद्ध ट्रॅक्टर आणि त्याच्या पुढे लोखंडी हातांवर वर-खाली होणारी लोडरची बकेट देवळाच्या पायरीसाठी दगड घेऊन टेकडी उतरत होते.

ट्रॅक्टर म्हणाला, "बाई, गुडघ्याइतकीच राहा. उतारावर माझा तोल जाईल."

बकेटला ते लागले. "म्हातारबा, देवाचा दगड काय मातीलगत न्यायचा? गावाला दिसू दे की!" असे म्हणून भरल्या ओझ्यासह ती कळसाएवढी उंच झाली.

एक चाक बांधावर चढले आणि ट्रॅक्टर कलंडला. "बाई, खाली..." एवढेच तो बोलला. पुन्हा उठला नाही.

आज ती बकेट गोठ्यापुढे चिखलात रुतली आहे. तिच्यात म्हशी पाणी पितात. तेथून कळस दिसतो. तिला उचलणारा मात्र उरला नाही.