येसबाची माती

"दादाला माती कुठल्या आखाड्याची?" धाकट्या संभूनं साऱ्यांना विचारलं.

माणसानं अजून नांगर धरला नव्हता, तेव्हा मुंगसांच्या दोन तालमी होत्या. टेकडीवरची मुंगसं नागाभोवती फिरून त्याला दमवत. ओढ्याकाठची जागेवर बसून त्याचे वार चुकवत. वस्ताद मेला की त्याच्यावर त्याच्याच आखाड्याची माती पडे.

संभूचा थोरला भाऊ येसबा टेकडीचा वस्ताद. मिशा पिकल्यावर तो रोज ओढ्याकाठी शिकायला जाऊ लागला.

"वस्ताद, या वयात पोरांच्या रांगेत?" पोरं चिडवत.

"बसून वार चुकवायला अजून येत नाही रे मला," तो म्हणे.

एक दिवस नाग चावून तो मेला.

"तिकडं गेला तो आमचा कसला?" टेकडीवाले म्हणाले.

"पुरता शिकला कुठं? आमचाही नाही," ओढ्यावाले म्हणाले.

संभू आधी दोघांच्याही अंगावर धावला. मग थकून भावाजवळ बसून राहिला. माश्या घोंगावू लागल्या, तसा तो उठला. येसबाच्या रोजच्या जाण्यायेण्यानं टेकडीपासून ओढ्यापर्यंत एक पायवाट पडली होती. तिची माती संभूनं पंजांनी उकरली आणि दादावर लोटली.